चोरीचं घड्याळ ओळखायच्या दोन यंत्रणा, आणि त्यांच्या आधी येणारं पोलीस ठाणं

मोबाइल चोरीला गेला तर संचार साथीच्या पोर्टलवर आयएमईआय क्रमांक देऊन तो देशातल्या नेटवर्कवर बंद करता येतो. घड्याळाला असली सोय नाही. दहा-बारा लाखांचं रोलेक्स चोराच्या हातावरही तितकंच बिनचूक चालतं. ते सापडायची एकच वाट असते: कुणीतरी, कुठेतरी त्याच्यावर कोरलेला सीरियल नंबर चोरीच्या यादीशी ताडून पाहिला पाहिजे. अशा याद्या पोलिसांकडे, विमा कंपन्यांकडे आणि घड्याळ कंपन्यांकडे असतात, पण त्या तुम्हाआम्हाला उघडत नाहीत. सामान्य माणसाला उघडतात आणि जुन्या घड्याळांच्या व्यापारात ज्यांना मान आहे अशा प्रामुख्याने दोन. एक लंडनची ‘द वॉच रजिस्टर’ आणि दुसरी स्वित्झर्लंडच्या रिशमाँ समूहाने २०२३ मध्ये सुरू केलेली ‘एनक्विरस’. हा आढावा या दोन सेवांचा आहे, पण महाराष्ट्रात बसून त्या वापरायच्या तर आधी पोलीस ठाण्याची पायरी नीट चढावी लागते, म्हणून तिलाही इथे जागा दिली आहे.

निकाल आधीच देऊन टाकू. घड्याळ चोरीला गेलं असेल तर दोन्हीकडे नोंदवा. विकत घेत असाल तर एनक्विरसवर फुकट शोध घ्या आणि व्यवहार पाच-सात लाखांच्या वर असेल तर वॉच रजिस्टरचं पैसे देऊन मिळणारं प्रमाणपत्रही घ्या. आणि दोन्हीकडून ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं तरी बिल, ओळखपत्र आणि बँकेतून पैसे या तिघांशिवाय व्यवहार करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी नंबर

१५ एप्रिल १९८३ च्या रात्री जेरुसलेमच्या एल. ए. मेयर संग्रहालयातून शंभराहून जास्त घड्याळं चोरीला गेली. त्यात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी बनवायला घेतलेलं ब्रेगे क्रमांक १६० हे खिशातलं घड्याळही होतं. ते विकणं अशक्यच होतं, कारण जगात तसं दुसरं नाही. २००७ मध्ये ते संग्रहालयात परत आलं. रोलेक्सच्या स्टीलच्या ‘सबमरीनर’ मॉडेलचं नेमकं उलटं आहे. एकासारखी एक अशी हजारो घड्याळं बाजारात फिरतात आणि त्यातलं तुमचं कोणतं हे फक्त सात-आठ अक्षरांचा तो सीरियल सांगतो. तो माहीत नसेल तर पोलीसही काही करू शकत नाहीत आणि लंडनची यादीही.

आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. घड्याळावर, कार्डावर, बिलावर निरनिराळे आकडे असतात. रेफरन्स नंबर म्हणजे मॉडेलचा क्रमांक. तो त्या मॉडेलच्या प्रत्येक घड्याळाला सारखाच असतो, आणि लोक हमखास तोच फिर्यादीत लिहून येतात. सीरियल मात्र एका घड्याळाचा एकच. रोलेक्सवर जुन्या घड्याळांत तो सहाच्या बाजूला दोन लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधे कोरलेला असतो, म्हणजे पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. बाराच्या बाजूला त्याच जागी असतो तो रेफरन्स. २००५ च्या सुमारास कंपनीने सीरियल काचेच्या आतल्या उतरत्या कड्यावर, म्हणजे रिहॉटवर कोरायला सुरुवात केली आणि २००८ पासून तो तिथेच असतो. २०१० पासून त्यात आकडे आणि अक्षरं कशीही मिसळलेली असतात, त्यामुळे सीरियलवरून साल काढायचा जुना तक्ता तिथून पुढे निरुपयोगी. आधुनिक ओमेगावर लगच्या मागच्या अंगाला लेझरने अगदी बारीक कोरलेला असतो. कार्तिएवर मागच्या झाकणावर. पाटेक फिलिपला दोन नंबर असतात, एक मशीनचा, एक केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा. दोन्ही आत असतात, झाकण उघडल्यावर दिसतात, पण मूळ प्रमाणपत्रावर दोन्ही छापलेले असतात. पाटेकची तक्रार देताना दोन्ही द्या.

रिहॉटवरचा नंबर वाचणं ऐकायला सोपं वाटतं, पण समोरून पाहिलं तर काचेची चमक मधे येते. घड्याळ तिरपं धरायचं, मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा मारायचा आणि दहा पट भिंगातून सहाच्या खुणेच्या वरच्या कड्यावर पाहायचं. कड्यावर सगळीकडे रोलेक्स हे नाव गोल फिरत गेलेलं असतं आणि सहाजवळ ते थांबून नंबर सुरू होतो. इंग्रजी बी आणि आठ, एस आणि पाच, झेड आणि दोन यांची अदलाबदल इथेच होते. तीन कोनांतून तीन फोटो काढा आणि वेगवेगळ्या दोन माणसांकडून वाचून घ्या. एक अक्षर चुकलं की दोन्ही याद्यांमध्ये तुमचं घड्याळ नाहीच.

ज्यांच्याकडे घड्याळ अजून हातात आहे त्यांनी हे आजच करून ठेवावं: नंबराचा जवळून फोटो, डायलचा, मागच्या झाकणाचा, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू, खरेदीचं बिल. केसवर किंवा कडीवर एखादा ठळक ओरखडा असेल तर त्याचाही फोटो. हे सगळं घड्याळाच्या पेटीत ठेवू नका, कारण कपाट फोडणारा पेटीसकट नेतो. ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवलं तरी पुरे.

पोलीस ठाणं

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद होते आणि पाच मिनिटांत पावती हातात पडते. चोरीसाठी ती पावती कामाची नाही. तिच्यावर तपास होत नाही, विमा कंपनी ती बाजूला सारते, आणि परदेशातल्या यादीतही ‘हरवलं’ आणि ‘चोरीला गेलं’ यांत फरक केला जातो. चोरी असेल तर एफआयआरच हवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र मग तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मनगटावरून हिसकावलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, घरातून गेलं असेल तर ३०५. कलम कोणतं लावायचं हे पोलीस बघतील, पण घटना नेमकी सांगा, म्हणजे ‘हिसकावलं’ला ‘गहाळ झालं’ होणार नाही.

जबाब मराठीत लिहिला जातो आणि तिथे एक साधी गोष्ट बिघडते. सीरियल देवनागरीत उतरवला की पुढे तो परत रोमन लिपीत आणताना अक्षरं बदलतात. ठाणे अंमलदारांना विनंती करून नंबर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून घ्या आणि सही करण्यापूर्वी कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘सोनेरी रंगाचे विदेशी बनावटीचे मनगटी घड्याळ, जु.वा.’ (म्हणजे जुने वापरते) एवढंच लिहिलेली फिर्याद म्हणजे न दिल्यासारखीच. ब्रँड, मॉडेलचं नाव, रेफरन्स, सीरियल, केस कोणत्या धातूची, डायलचा रंग, पट्टा कडीचा की चामड्याचा, एवढं त्यात यायलाच हवं. किंमत बिलावरची लिहा. आजच्या बाजारभावाचा अंदाज लिहिलात की विम्याच्या वेळी तोच आकडा तुमच्यावर उलटतो.

विमा असेल तर दोन कागद लागतात. सुरुवातीला एफआयआर, आणि महिन्यांनंतर तपास न लागल्याचा अहवाल, ज्याला आपल्याकडे ‘अ’ समरी म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी किंवा माल मिळाला नाही. या दुसऱ्या कागदासाठी पाठपुरावा करावा लागतो, तो घरपोच येत नाही. आणि घरगुती विम्यात घड्याळ नावानिशी, किमतीसह लिहिलेलं नसेल किंवा घराबाहेरच्या चोरीचं संरक्षण वेगळं घेतलेलं नसेल, तर रस्त्यावर हिसकावलेल्या घड्याळाचा दावा बहुधा पहिल्याच पत्रात नाकारला जातो.

लंडनमध्ये राहणाऱ्या मंडळींसाठी एवढंच: तिथे पोलिसांत तक्रार दिल्यावर गुन्ह्याचा संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढे सगळीकडे तोच मागतात. इमोबिलाइज या तिथल्या मोफत नोंदवहीतही घड्याळ घालून ठेवा. ब्रिटिश पोलीस सापडलेला माल तिच्याशी ताडतात.

द वॉच रजिस्टर

ही सेवा आर्ट लॉस रजिस्टरची भगिनी संस्था. आर्ट लॉस रजिस्टर १९९० पासून लंडनमध्ये चोरीच्या कलावस्तूंची यादी चालवतं, आणि लिलाव करणारी घरं विक्रीआधी आपला माल त्याच्याशी ताडून घेतात. तीच पद्धत घड्याळांना लावली आहे. बलस्थान यादीच्या आकारापेक्षा ग्राहकवर्गात आहे. जुनी घड्याळं घेणारे व्यापारी, गहाण ठेवून घेणारे सावकार आणि लिलावघरं इथे रोजच्या रोज शोध घेतात. चोर घड्याळ विकायला ज्यांच्या दारात जाईल, तेच लोक ही यादी बघत असतात. म्हणून चोरीची नोंद इथे व्हायलाच हवी.

नोंद करताना ब्रँड, मॉडेल, सीरियल, चोरीची तारीख, गाव आणि पोलिसांचा संदर्भ क्रमांक लागतो. एफआयआर क्रमांक लिहिताना पोलीस ठाण्याचं नाव आणि वर्षही जोडा. आपल्याकडे एफआयआर क्रमांक दर वर्षी, दर ठाण्यात एकपासून सुरू होतो, त्यामुळे नुसत्या ‘३१२’ वरून लंडनच्या माणसाला काहीच कळत नाही. एफआयआर मराठीत असेल तर मुख्य मजकुराचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या. प्रमाणित भाषांतर पहिल्या दिवशी लागत नाही, घड्याळ सापडलं आणि हक्काचा प्रश्न आला की लागतं.

खरेदीदारासाठी शोध सशुल्क आहे, एका घड्याळाला एक शुल्क, आणि उत्तर प्रमाणपत्राच्या रूपात येतं. घड्याळाच्या किमतीपुढे ते पैसे किरकोळ आहेत. प्रमाणपत्रावर शोधाची तारीख आणि कोणत्या घड्याळाचा शोध घेतला ते असतं. पुढेमागे तुमच्यावर ‘चोरीचा माल घेतला’ असा आरोप आला तर आपण चौकशी केली होती हे दाखवायला त्याचा उपयोग होतो. खरं तर या प्रमाणपत्राची निम्मी किंमत त्या कागदासाठीच आहे.

आता उणिवा. विक्रेते बरेचदा म्हणतात, ‘आम्ही आधीच चेक केलंय, हे घ्या सर्टिफिकेट.’ ते सहा महिन्यांपूर्वीचं असेल, तर मधल्या सहा महिन्यांतल्या नोंदींबद्दल ते काहीच सांगत नाही. ते दुसऱ्याच घड्याळाचं असू शकतं. पीडीएफ बदलणं तर पोरखेळ आहे. शोध स्वतः, स्वतःच्या पैशाने, पैसे देण्याच्या आदल्या दिवशी घ्यावा. दुसरं, भारतात चोरीला गेलेल्या आणि भारतातच फिरणाऱ्या घड्याळांची नोंद इथे फार कमी असणार, कारण आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ही सेवा माहीत आहे. चोरीचं घड्याळ दुबई, लंडन, हाँगकाँगच्या बाजारात पोचलं तर ते सापडण्याची शक्यता वाढते. मुंबईतच हातोहात विकलं गेलं तर ही यादी बहुतेक गप्पच राहते.

एनक्विरस

रिशमाँ म्हणजे कार्तिए, व्हाशराँ काँस्टंटँ, आयडब्ल्यूसी, पनेराय, जेझे-लकूल्त्र यांचा मालक समूह. एनक्विरस त्यांनी सुरू केलं असलं तरी ते त्यांच्याच ब्रँडपुरतं नाही. रोलेक्स, ओमेगा, पाटेक काहीही नोंदवता येतं, दागिनेही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते फुकट आहे. खाजगी माणूस, पोलीस, विमा कंपनी, दुकानदार, सगळ्यांनी एकच यादी वापरावी हा त्यामागचा हेतू.

नोंदवणाऱ्याला वेळ लागतो तो फोटो आणि कागद जमवायला. ते तयार असतील तर काम पटकन होतं. ब्रँड यादीतून निवडा, स्वतः टाइप करू नका, म्हणजे एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या लिखाणांमुळे जुळणी हुकणार नाही. सीरियलमध्ये मधे मोकळी जागा किंवा रेघ टाकू नका, घड्याळावर जसा आहे तसाच सलग लिहा. पोलिसांचा क्रमांक आणि घटनेची तारीख भरा. नंतर ‘अ’ समरी निघाली किंवा विमा मिळाला तर जुनीच नोंद अद्ययावत करा, नवी करू नका. एकाच घड्याळाच्या दोन नोंदी झाल्या की पुढे मालकीच्या कागदांत गोंधळ माजतो.

फुकट असल्यामुळे खरेदीदाराला इथे एक सवय लावून घेता येते जी सशुल्क सेवेत परवडत नाही: घड्याळ पाहायला जाण्यापूर्वीच विक्रेत्याकडून सीरियल मागायचा आणि शोध घ्यायचा. विक्रेते फोटोत नंबराचे शेवटचे तीन-चार आकडे बोटाने झाकतात, आणि त्याला सबळ कारणही आहे. उघडा नंबर नकली घड्याळ बनवणारे उचलतात आणि आपल्या मालावर कोरतात. तेव्हा झाकणं संशयास्पद नाही, पण भेट ठरल्यावरही पूर्ण नंबर द्यायला टाळाटाळ होत असेल तर तिथून उठा.

त्याच कारणाने उलटी भानगडही होते. एखाद्या चोरी झालेल्या खऱ्या घड्याळाचा नंबर नकलेवर कोरलेला असतो आणि शोधात तो ‘चोरीचा’ म्हणून येतो. अशा वेळी घड्याळ चोरीचं आहे की नकली, हा वाद तुमच्या कामाचा नाही. दोन्ही बाबतींत ते घ्यायचं नाही.

वॉच रजिस्टरच्या मानाने एनक्विरस तरुण आहे, आणि यादीत आज जेवढं कुणी घातलंय तेवढंच ती सांगणार. म्हणून दोनपैकी एकच निवडायचं झालं तर नोंदणी एनक्विरसवर आणि महागड्या खरेदीचा शोध वॉच रजिस्टरवर, असं वाटून घ्यावं. नोंदणी मात्र दोन्हीकडे करण्यात काहीच तोटा नाही.

कंपनीला कळवणं

ब्रँडला कळवायला विसरू नका. रोलेक्स हरवलेल्या आणि चोरीच्या घड्याळांची स्वतःची नोंद ठेवते, आणि असं घड्याळ अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सफाईला किंवा दुरुस्तीला आलं की सीरियलवरून ते ओळखता येतं. यासाठी एफआयआरची प्रत जोडून लेखी कळवावं लागतं. ही यादी खरेदीदाराला मात्र उघडी नाही. ‘या नंबरचं घड्याळ चोरीचं आहे का’ असं दुकानात विचारलं तर उत्तर मिळत नाही. ब्राइटलिंग २०२० पासून नव्या घड्याळांना ब्लॉकचेनवरचा, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीतला, डिजिटल पासपोर्ट देते. जुनं ब्राइटलिंग घेताना तो विक्रेत्याकडून स्वतःच्या नावावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरेदीच्या टेबलावर

अस्सल आहे का आणि चोरीचं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चोरीची घड्याळं बहुतेक वेळा शंभर टक्के अस्सल असतात. त्यामुळे घड्याळजीने मशीन उघडून ‘ओरिजिनल आहे’ म्हटलं की निर्धास्त होणारे लोक चुकीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन घरी जातात.

सोबत दहा पट भिंग, छोटा टॉर्च आणि स्प्रिंग बार (पट्टा लगांमध्ये धरून ठेवणारी काडी) काढायचं हत्यार हवं. जुन्या रोलेक्सचा पट्टा काढायला विक्रेत्यालाच सांगा, लगांना चिकटपट्टी लावून. तुमच्या हातून ओरखडा पडला की भाव करायची ताकद गेली. लगांमधला खरा कोरीव नंबर धारदार असतो, रेषा उजेडात चमकतात. ठिपक्याठिपक्यांचा, वाळूसारखा खडबडीत दिसला तर ती आम्लाने केलेली नक्कल समजा. नंबर पुसट असेल तर घामाने आणि पट्ट्याच्या घासण्याने तसं होऊ शकतं, मुंबईच्या हवेत तर होतंच. पण नंबराच्या जागी गुळगुळीत सपाट पृष्ठभाग असेल तर तो पॉलिश करून काढलेला आहे आणि असं घड्याळ कितीही स्वस्त मिळत असलं तरी त्याचा कुठेच शोध घेता येत नाही. ज्याने नंबर काढला, त्याला हेच तर हवं होतं.

पेटी आणि कागद, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत फुल सेट, याला लोक नको तितकं महत्त्व देतात. रस्त्यावर हिसकावलेलं घड्याळ सुटं असतं हे खरं. पण घर फोडून नेलेलं घड्याळ पेटीसकट येतं, आणि रिकाम्या पेट्या व कार्डं ऑनलाइन सर्रास विकली जातात. कार्डावरचा सीरियल आणि घड्याळावरचा सीरियल स्वतः जुळवा. त्याहून जास्त सांगून जाते ती एक क्षुल्लक गोष्ट: पट्ट्याच्या काढलेल्या कड्या. स्टीलचा पट्टा मनगटाला बसवताना दोन-तीन कड्या काढल्या जातात आणि खरा मालक त्या कुठेतरी डबीत ठेवतो. ‘उरलेल्या कड्या कुठे आहेत’ या प्रश्नावर विक्रेता कसा वागतो ते बघा. नाहीत म्हणाला तर लगेच चोर ठरत नाही, पण पुढचे प्रश्न जरा जास्त विचारा: कोणत्या दुकानातून घेतलं, कधी, सर्व्हिस कुठे केली.

पैसे बँकेतून, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात. ‘भावाच्या खात्यात टाका’ हे चालत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे रोखीचा आग्रह हीच पुरेशी खूण. पॅनची आणि ओळखपत्राची प्रत घ्या आणि एक साधी विक्रीपावती करा: ब्रँड, रेफरन्स, सीरियल, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि ‘हे घड्याळ माझ्या मालकीचं असून त्यावर कोणाचाही हक्क वा बोजा नाही’ असं वाक्य. दुकानातून घेतलं तर जीएसटी बिलावर सीरियल छापून घ्या. नुसतं ‘रिस्ट वॉच, १ नग’ लिहिलेलं बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून महाग मनगटी घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ वसूल करायचा आयकर, लागू झाला आहे. लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण ती रक्कम तुमच्या पॅनखाली आयकर खात्याच्या कर-नोंदीत दिसते, आणि खरेदीचा याहून पक्का पुरावा दुकानदारही देऊ शकत नाही.

परदेशातून आलेलं, बिल नसलेलं घड्याळ असेल तर चोरीशिवाय दुसरीही भीती आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या जोडीला घड्याळांचा नावानिशी उल्लेख आहे. तस्करीच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झालं तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्या ताब्यात सापडलं त्याने सिद्ध करायचं. ‘दुबईहून मामाने आणलं’ एवढ्याने तिथे भागत नाही. स्वतःचं महाग घड्याळ घालून परदेशी जाणाऱ्यांनीही निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. परत येताना शुल्काचा वाद होत नाही आणि सीरियलसह एक सरकारी कागद आयताच हाती येतो.

‘नोंद नाही’ म्हणजे काय नाही

जॉन लेननला त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, १९८० मध्ये, योको ओनोने पाटेक फिलिप २४९९ भेट दिलं होतं. ते तिच्या घरातून नाहीसं झालं, जर्मनीतून फिरत एका संग्राहकाकडे गेलं, आणि २०१४ मध्ये त्याने जिनिव्हात मूल्यांकनाला दिल्यावर तिला कळलं की आपल्याकडे ते नाहीच. म्हणजे इतकी वर्षं कोणत्याही चोरीच्या यादीत त्याची नोंद असणं शक्यच नव्हतं. संग्राहकाने कितीही शोध घेतले असते तरी उत्तर स्वच्छ आलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ ओनोचंच असल्याचा निकाल दिला.

आपल्याकडचा कायदाही खरेदीदाराला फार सांभाळत नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे हक्क नाही, म्हणून तुमच्याकडेही नाही. पोलीस ते मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि न्यायालय मूळ मालकाला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांगितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, देऊ शकतं. तुम्हाला उरतो तो विक्रेत्यावर पैशाचा दावा, आणि म्हणूनच त्याचं पॅन आणि खातं हाताशी लागतं. शिवाय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली, चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे माल घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पंधरा लाखांचं घड्याळ सहा लाखांना, बिलाशिवाय, रोखीत घेणाऱ्याला ‘कारण नव्हतं’ हे पटवून देणं जड जातं.

घड्याळं देश ओलांडतात याचं आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे मॅराडोनाचं मर्यादित आवृत्तीचं हूब्लो. दुबईतून चोरीला गेलेलं ते घड्याळ डिसेंबर २०२१ मध्ये आसामच्या शिवसागर जिल्ह्यात सापडलं. दुबई पोलिसांनी कळवलं, आसाम पोलिसांनी पकडलं. ते सापडलं ते नेमक्या माहितीमुळे आणि पोलिसांनी पोलिसांना कळवल्यामुळे, कुठल्या खरेदीदाराच्या चौकशीमुळे नव्हे.

सापडल्यावर

घड्याळ सापडल्याचं कळलं तर ज्याच्याकडे आहे त्याला स्वतः फोन करू नका. तपास अधिकाऱ्याला कळवा, यादीच्या संस्थेचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे द्या. मुद्देमाल ताब्यात मिळवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, सोबत बिल, कार्ड आणि सीरियल लिहिलेला एफआयआर. सुपूर्दनाम्यावर मिळालेलं घड्याळ खटला संपेपर्यंत विकता येत नाही, पॉलिशही करू नका. न्यायालय ते हजर करायला सांगू शकतं.

विम्याचे पैसे घेतले असतील तर घड्याळावरचा हक्क बहुधा कंपनीकडे गेलेला असतो, दावा मंजूर होताना तशा पत्रावर तुमची सही घेतलेली असते. घड्याळच हवं असेल तर मिळालेली रक्कम परत करण्याची बोलणी आधी कंपनीशी करा, मग न्यायालयात जा. आणि घड्याळ हातात आलं की वॉच रजिस्टर, एनक्विरस आणि ब्रँड या तिन्ही ठिकाणी ताबा मिळाल्याचे कागद पाठवून नोंद काढून टाका. हे राहून गेलं तर पुढच्या सर्व्हिसला घड्याळ सेंटरमध्येच अडकतं आणि ते तुमचंच आहे हे सगळे कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून दाखवावं लागतं.